गिरवायचं नाही

शाई उगाळताना बोलायचं नाही,
हा प्यो गुरुजींचा पहिला नियम.
दगडाच्या खळग्यात चमचाभर पाणी,
आणि काजळीची कांडी फिरवायची गोल, सावकाश,
आजाऱ्याच्या पाठीवरून हात फिरवावा तशी.
खाली खताचं दुकान.
जळक्या पाइनचा वास आणि युरियाचा वास
जिन्यात एकमेकांना वाट देतात.

दुसरा नियम: एकदा ओढलेली रेघ गिरवायची नाही.
चुकली तर चुकली.
कागद तुतीच्या सालीचा, त्याला सगळं आठवतं.

थाक ओक-बुन आली ती एकोणऐंशीव्या वर्षी,
गुडघ्याला पट्टा, पिशवीत सहा पर्सिमॉन.
"मला माझं नाव शिकायचंय," म्हणाली.
"बाकीची अक्षरं राहू देत."

आमच्याकडे अडाण्याला म्हणतात,
विळा पुढ्यात आहे, तरी 'गियोक' ओळखत नाही.
गियोक असतंच तसं: आडवं जाऊन खाली वळलेलं.
साठ वर्षं तिने त्या अक्षराने भात कापला
आणि कोणी तिला सांगितलंच नाही
की ते तिच्या नावात आहे.

'ओक': आधी वर्तुळ,
मग लांब आडव्या रेघेवर बुटकी उभी रेघ,
बांधावर क्षणभर थांबलेल्या बाईसारखी.
तळाशी विळा.
'बुन': वर बादली, खाली तिची गळती,
आणि शेवटी पुन्हा विळाच, पण उलटा,
काम आटोपल्यावर टेकवून ठेवलेला.

वर्तुळ काही जमेना.
अर्धं डावीकडून यायचं, अर्धं उजवीकडून,
टोकांनी खाली भेटायचं.
तिची टोकं भेटत नसत,
तांदळाच्या दाण्याएवढी फट राही.
"याचा उच्चार काय?"
मी म्हटलं, सुरुवातीला आलं तर काहीच नाही. पूज्य.
नुसतं जागा धरून बसतं.
"मग हे आमच्याच घरातलं," ती म्हणाली,
आणि इतकी हसली
की कुंचल्यातला थेंब गुरुजींच्या पांढऱ्या मोज्यावर.

ऑक्टोबरात ती लाल कापड घेऊन आली.
शवपेटीपुढे धरतात ते, पुरुषभर लांब.
त्यावर बाईचं नाव नसतं.
'क्वांगसानच्या थाक घराण्यातली',
एवढंच, चिनी अक्षरांत, पांढऱ्याने.
या खोऱ्यातल्या बायका चाळीस वर्षं
गुरुजींच्या हातून अशाच गेल्या.
त्यांची आईसुद्धा.

"रीत मी पाडलेली नाही," गुरुजी म्हणाले.
"मग मोडताना तुम्हाला कशाला विचारू?"

मी सरस कोमट केला, पांढरी पूड कालवली.
कापड घाईने पितं, हात मागे घेऊ देत नाही.
तिने गुडघ्याचा पट्टा सोडला, जमिनीवर ओणवी झाली,
आणि धाप लागेपर्यंत लिहिलं.
वर्तुळ खाली उघडंच राहिलं.
माझा कुंचला आपोआप त्या फटीकडे निघाला.
गुरुजींनी मनगट धरलं.

फेब्रुवारीत ती गेली. नदीकाठी अजून बर्फ होता.
सगळा गाव तिला सॉन्ग-गूची आई म्हणायचा.
चाळीस वर्षं शेजारच्या वाफ्यात मिरच्या लावणारी बाई
कापडापुढे उभी राहिली,
एकेक अक्षर जुळवत वाचलं,
आणि मला हळूच विचारलं,
"ओक-बुन कोण?"

कापड पेटीवर अंथरलं.
पहिलं ढेकूळ नेमकं त्या फटीपाशी पडलं,
असं मला वाटलं. वाटलंच असेल.

दुसऱ्या दिवशी गुरुजी वेळेआधी येऊन बसले.
चांगला कागद काढला, बटवड्यातला नव्हे, पेटीतला.
कोपऱ्यांवर वजनं ठेवली, कुंचला भिजवला,
आणि तसाच ठेवून दिला.
मग सुनछनला, बहिणीला, फोन लावला.
"नूना," म्हणाले, "आईचं नाव काय होतं?"

पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही.
मी शाई उगाळत होते.